फुगणारं पीठ

चंद्रावतीने पातेल्यावरचं झाकण उचललं, तर पीठ काल संध्याकाळी जिथे ठेवलं होतं तिथेच बसलेलं. वर आलं नव्हतं, बोटभरसुद्धा नाही. उलट थोडं खाली गेल्यासारखं दिसत होतं आणि वर मळकट पाणी सुटलं होतं. तिने बोट बुडवून पाहिलं, तर बोटाला डिंकासारखी तार आली. एप्रिल संपत आला होता, पनवेलमध्ये सकाळपासूनच घामाच्या धारा लागत होत्या. या दिवसांत तिचं आंबोळीचं पीठ उतू जाऊ नये म्हणून मोठं पातेलं घ्यावं लागायचं. आणि हे पीठ, ज्याच्या पिशवीवर म्हणे आपोआप फुगतं असंच लिहिलेलं, ते मेल्यासारखं पडून होतं. तिने झाकण ठेवलं, जरा वेळाने पुन्हा उचलून पाहिलं. काही फरक नव्हता.

पीठ धनेशने आणलं होतं. धनेश तिचा एकुलता एक मुलगा. उरणच्या वाटेवर बोटींना रेशन पुरवणारं एक गोदाम आहे, तिथे तो कामाला. कांद्या-बटाट्यापासून दात घासायच्या पेस्टपर्यंत सगळं तिथून बोटींवर चढतं, आणि परदेशी खलाशांना लागणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू तिथे येऊन पडतात. त्यातलंच हे सेल्फ रेझिंग पीठ. आपटे गावचा तुळशीराम जन्मभर बोटींवर कुक होता, आता निवृत्त होऊनही त्याचा पाय गोदामातून निघत नाही. त्यानेच धनेशला ही छोटी पिशवी मिळवून दिली, आणि गोदामाच्या मागच्या शेगडीवर पॅनकेक कसे करायचे तेही करून दाखवलं. कापसाच्या गादीसारखे जाड, मऊ पॅनकेक. धनेश त्या दिवशी घरी आला तो जत्रेतून आलेल्या पोरासारखा आला.

हा सगळा खटाटोप समृद्धीसाठी होता. समृद्धी धनेशची आठ वर्षांची मुलगी. ती आईजवळ, कीर्तीजवळ, खारघरला बेलपाड्याच्या बाजूला राहायची. धनेश आणि कीर्तीचा घटस्फोट झाला होता आणि एकाआड एक शनिवारी कीर्ती मुलीला सकाळी आणून सोडायची, संध्याकाळी घेऊन जायची. भांडणतंटा काही नव्हता. पण आता कीर्तीची बदली बंगळूरला झाली होती, जूनमध्ये ती जाणार होती. तिने धनेशला सरळच सांगितलं होतं की समू या शनिवारी तुमच्याकडे एक रात्र आनंदाने राहिली, तर मी तिला सबंध मे महिना पनवेलला ठेवते, पुढेही दर सुट्टीत पाठवते. नाही राहिली, तर एवढ्या लांबून रडवत पाठवणार नाही. यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. एका रात्रीवर सगळं येऊन ठेपलं होतं, आणि ती रात्र आजची.

मागच्या आठवड्यात समृद्धीने बाबाला फोनवर व्हिडिओ कॉल केला तेव्हा चंद्रावती मागे कपड्यांच्या घड्या करत होती. मुलगी म्हणत होती, "बाबा, तू फक्त गॅस लाव. बाकी सगळं मी करणार. अंडी पण मीच फोडणार." चंद्रावतीच्या कानांनी यातलं एवढंच धरलं की पोरीला पॅनकेक खायचे आहेत. कोण करणार हा प्रश्न तिच्या लेखी कधी नव्हताच. या घरात जे काही व्हायचं ते तीच करायची, आणि तेही दुसऱ्याला आठवण होण्याच्या आधी.

म्हणून काल धनेश दुपारपाळीला गेलेला असताना, देवापुढे दिवा लावून झाल्यावर तिने ती पिशवी फोडली. फुगणारं पीठ म्हणजे ते आदल्या दिवशी भिजवायला हवं, हे काय कुणी सांगायला हवं? आंबोळीचं नाही का भिजवत, वड्यांचं नाही का भिजवत? सगळीच्या सगळी पिशवी पातेल्यात ओतली, उरवून कुणासाठी ठेवायचं? ताकात आणि कोमट पाण्यात कालवून, हाताने एकाच दिशेने भरपूर फेटलं, दंड भरून येईपर्यंत. फेटता फेटता पिठाला बुडबुडे आले, फसफस आवाज झाला, आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. आता एवढं फुगतंय तर सकाळपर्यंत काय होईल, असं म्हणत तिने झाकण ठेवलं होतं.

धनेश उठून स्वयंपाकघरात आला तेव्हा ती पातेल्यासमोरच उभी होती. त्याने आधी ओट्यावरची रिकामी पिशवी पाहिली, मग पातेलं.

"आये, हा कोनी भिजवला?"

"मीच. कालच. फुगनारा पीठ हाय, त ठेवल्याबिगर कसा फुगल, मना वाटला."

"मी तुला बोललेलो ना, ती आली का तिच्यासंगती करायचा हाय?"

"आरं, तुझाच काम हलका केला मी. पाळी करून येतंस, दमतंस."

धनेश ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो स्टुलावर बसला आणि लहान मुलाला सांगावं तसं तिला सांगू लागला. या पिठात फुगवायची पावडर आधीच घातलेली असते. ओलं झालं की तिचा जोर सुरू होतो आणि थोड्या वेळात संपतो. म्हणून आयत्या वेळी दूध-अंडं घालायचं, चमच्याने जेमतेम ढवळायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या, आणि लगेच तव्यावर. फेटायचं तर मुळीच नाही, फेटलं की रबर होतं. तुळशीराम काकांनी हे चार वेळा बजावलं होतं. म्हणजे तिने जे जे केलं होतं, ते नेमकं करायचं नव्हतं ते होतं. चंद्रावती ऐकत होती आणि मनात म्हणत होती, असलं कसलं पीठ, ज्याला जराही थांबायला नको.

तो अंगात शर्ट अडकवून उठला. बाजारातून साधा मैदा आणि बेकिंग पावडर आणतो म्हणाला, त्याचेही होतात. "ते पीठ फेकून दे. नि ती आली त तिला नुसती बसव. मी येईसतवर कायपन करू नको. ऐकतंस ना? कायपन नको."

तिने मान हलवली. पण सबंध पातेलंभर पीठ मोरीत ओतायचं तिच्या जिवावर आलं. लहानपणी उरणच्या बाजूला मिठागरावर तिच्या आईने पेजेतलं पाणीसुद्धा कधी फेकलं नव्हतं. तिने पातेलं झाकून ओट्याच्या कोपऱ्यात सारलं.

धनेशला उशीर झाला. बिल्डिंगखालच्या दुकानात पावडर नव्हती, पुढच्या दुकानातही नव्हती, मग तो जुन्या पनवेलच्या बाजारात गेला आणि तिथे शनिवारच्या गर्दीत अडकला. तेवढ्यात बेल वाजली. कीर्ती दारातच थांबली, नेहमीप्रमाणे. रात्रीच्या कपड्यांची पिशवी तिने चंद्रावतीच्या हातात दिली आणि धनेशची चौकशी केली. दुकानात गेलाय म्हटल्यावर मुलीच्या केसांवरून हात फिरवून ती जिना उतरली. समृद्धीने आईला नीट टाटा केला. रडली नाही, मागे धावली नाही. चंद्रावतीला केवढा धीर आला.

समृद्धीने पिशवीतून पहिली गोष्ट काढली ती एक छोटा पिवळा एप्रन. स्वतःच मागे हात नेऊन तिने त्याची गाठ मारली, स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर चढून बसली आणि ओट्याकडे पाहू लागली.

"आजी, बाबा येईपर्यंत मी काय करू?"

"काय नको करूस गो बाय. टीवी लावू?"

"मी अंडी फोडून ठेवू? मला येतात. मी हळू फोडते."

"हात भरतील तुझे. मी हाय ना."

मुलीने हात मांडीवर ठेवले. काही वेळाने तिने चमचे एका रांगेत लावून ठेवू का विचारलं, तर चंद्रावतीने चमचे पटकन उचलून स्वतःच लावून दिले. मग तिने विचारणं सोडलं. पाय हलवत ती दाराकडे बघत राहिली.

चंद्रावतीने तिला विचारलं, घरून काय खाऊन आलीस. काहीच नाही, मुलगी म्हणाली, मम्माने दूध दिलं होतं, मीच म्हटलं की बाबाकडे खाईन. घरात मूल उपाशी बसलंय आणि आपण हातावर हात ठेवून उभ्या आहोत, हे तिला कधी जमलं नव्हतं. कुणी बंदूक रोखून धरली असती तरी जमलं नसतं. धनेशने काहीही करू नको म्हटलेलं तिला आठवत होतं, नाही असं नाही. पण त्याला काय कळतं, तो बाजारात फिरतोय आणि पोर इथे भुकेली. तिने कोपऱ्यातलं पातेलं पुढे ओढलं.

"आजी, मी बाबाची वाट बघते ना. आम्ही करणार आहोत," मुलगी म्हणाली.

"त्याला यळ लागंल. तवर दोन खा. मंग तुमी करा तुमचा."

सोडा घातला की सगळं वर येतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिने खायच्या सोड्याची चिमूट टाकली, मग आणखी एक, आणि मनासारखं होईना म्हणून जरा जास्तच. पीठ फेसाळलं. तिने तवा तापवला, तेल फिरवलं आणि डाव भरून पीठ ओतलं. पहिल्यांदा ते कडेने उचललं गेलं, छान दिसलं, आणि उलथताना फस्स करून खाली बसलं. वर पिवळेजर्द डाग, मधे चिकट, आणि वासाला साबणासारखं. दुसरं त्याहून बरं नव्हतं. तिने वर तूप सोडलं, साखर भुरभुरली, आणि ताटली मुलीपुढे ठेवली.

समृद्धीने खाल्लं. प्रत्येक घासाबरोबर पाणी पीत तिने एक संपवलं. चंद्रावतीने लगेच दुसरं वाढलं, तेही अर्धं खाल्लं.

"चांगला झालाय ना?"

"हो, आजी."

हा "हो" चंद्रावतीने या स्वयंपाकघरात पूर्वी पुष्कळदा ऐकला होता. कीर्तीचा "हो" असाच होता.

कीर्ती पनवेल शहरातली, वडील पोस्टात. कॉलेजात धनेशशी जमलं आणि ती या घरात आली. चंद्रावतीने तिला विरोध केला नाही, उलट तिने स्वतःशी एक निश्चय केला होता. तिची स्वतःची सासू गंगाबाई हिने तिला अंगावरची हळद निघायच्या आत शेतावर धाडलं होतं. तापाने फणफणलेली असतानाही भाकऱ्या थापायला बसवलं होतं. आपल्या सुनेला मी बसवून खायला घालीन, असं चंद्रावतीने तेव्हाच ठरवलं होतं, आणि दिलेला शब्द पाळणारी ती बाई. कीर्ती उठायच्या आत चहा, नाश्ता, डबा, सगळं तयार. कीर्तीने आपले कपडे भिजवले की चंद्रावतीने ते धुऊन वाळत घातलेले. आळीतल्या बायका म्हणायच्या, काय नशीब काढलंय सुनेने. कीर्ती सुरुवातीला हसायची. मग लवकर उठायला लागली. मग चंद्रावती त्याहून लवकर उठायला लागली. एकीला ही शर्यत आहे हे कळत होतं, दुसरीला नव्हतं.

समृद्धीच्या उष्टावणाचा बेत कीर्तीने रविवारी केला होता. खीर स्वतः करणार म्हणून चांदीची वाटीसुद्धा आणली होती. शुक्रवारी कीर्ती ऑफिसातून आली तेव्हा चंद्रावतीने कौतुकाने सांगितलं की पोरगी जेवणाकडे टक लावून बघत होती म्हणून मी आजच तिला मऊ भात चाटवला, कसा मिटक्या मारत खाल्ला म्हणून सांगू. कीर्ती "हो" म्हणाली. रविवारी तिने वाटी बाहेर काढली नाही. आणि या सगळ्यात धनेश काय करत होता? धनेश जेवत होता. आयतं मिळत होतं, त्याला कशाला कुणाची बाजू घ्यावीशी वाटेल. घर सोडताना कीर्ती सासूच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, तुम्ही माझ्याशी कधी वाईट वागला नाहीत. पण या घरात मी पाहुणीच राहिले." चंद्रावती आजतागायत हे वाक्य नातेवाइकांना सांगत आली होती, कीर्तीची चूक म्हणून. तळहातावरच्या फोडासारखी जपली हो तिला, असं म्हणून ती डोळे पुसायची, आणि ते खोटं नव्हतं.

धनेश घामाघूम होऊन आला तेव्हा त्याच्या हातात मैद्याचा पुडा, पावडरीची डबी आणि अर्धा डझन अंडी होती. स्वयंपाकघराच्या दारात तो थबकला. तवा गॅसवर होता. मुलीसमोर ताटलीत अर्धं पिवळं काहीतरी पडलं होतं.

"बाबा, आजीने केले. मी खाल्ले," समृद्धी म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

धनेशने आईकडे पाहिलं नाही. पुडे ओट्यावर ठेवून तो मुलीपुढे उकिडवा बसला आणि उसनं हसू आणून म्हणाला, चल, आता आपण आपले करू, खरे, अंडी तूच फोड. मुलीने नकारार्थी मान हलवली. तिला भूक नव्हती. दुपारी करू का विचारलं, तर म्हणाली बघू. त्याने संध्याकाळी करू म्हटलं तेव्हा तिने पाठीमागे हात नेले, गाठ सोडायचा प्रयत्न केला, आणि चंद्रावती मदतीला पुढे झाली तशी झटकन बाजूला सरकली. गाठ तिने आपली आपणच सोडली.

दुपार कशीबशी गेली. मुलीचं पोट दुखत होतं, पण ती ते कुणाला सांगत नव्हती. पोटावर उशी धरून टीव्हीसमोर पडून होती. धनेशने पत्ते काढले, दोन डाव झाले. चंद्रावती मधेमधे लिंबूपाणी, ओवा, कलिंगडाची फोड असं काही काही घेऊन येत होती. उन्हं उतरायला लागल्यावर समृद्धीने शांतपणे बाबाचा फोन मागितला आणि गॅलरीत जाऊन आईशी बोलली. मोठ्याने रडली असती तर समजूत घालता आली असती. ती रडली नाही. आत येऊन तिने रात्रीच्या कपड्यांची पिशवी, जिच्यातून एप्रनशिवाय काहीच बाहेर निघालं नव्हतं, दाराशी नेऊन ठेवली.

कीर्ती आली. या खेपेला ती आत आली, मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला, काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही. मला इथे करायला काहीच नाहीये, मम्मा. आजीने सगळं केलेलं असतं."

कीर्तीने मान वर करून चंद्रावतीकडे पाहिलं. चंद्रावतीची अपेक्षा होती की त्या नजरेत बघा, मी सांगत नव्हते का, असं काहीतरी असेल. ते नव्हतं. आपल्यासारखंच दुखणं असलेलं माणूस दवाखान्यात भेटावं, तसं कीर्तीने आपल्या मुलीकडे पाहिलं, आणि मग पुन्हा चंद्रावतीकडे. चंद्रावतीला ते सोसवेना. ती उगाचच, पाणी देते हं, म्हणत वळली, आणि दोन पावलं जाऊन थांबली, कारण कुणी पाणी मागितलं नव्हतं.

"सुट्टीचं काय करायचं?" धनेशने विचारलं.

"बघू या ना नंतर," कीर्ती म्हणाली. आवाज मऊ होता. या बघूचा अर्थ तिघांनाही कळला. मुलीने वाकून आजीला नमस्कार केला, बाबाच्या कमरेला मिठी मारली, आणि दोघी जिना उतरून गेल्या.

धनेश कितीतरी वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. चंद्रावतीने त्याला जेवायला वाढलं. तो ताटावर बसला, पण भाताला हात लावला नाही.

"पोरीचा पोट दुखला, सोड्याचा असंल," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला मी लक्ष ठेवीन."

"पुढची खेप नाय आता."

"आरं पन, मी काय वाईटावर व्हती का तिच्या? उपाशी पोर..."

"तू सगल्यांचा सगला करून ठेवतंस, आये," धनेश म्हणाला. रागाने नव्हे, दमून. "मंग मानसा इथं ऱ्हातील कशाला?"

तिच्याजवळ जन्मभराची उत्तरं होती, गंगाबाईची, शेताची, तापातल्या भाकऱ्यांची. धनेशने ताट सरकवलं आणि उठून गेला. ते पातेलं तिने त्या रात्री मोरीत रिकामं केलं. पीठ सहज जात नव्हतं, पाण्यामागून पाणी ओतावं लागलं.

रविवारी चंद्रावतीला सवयीने अंधारातच जाग आली. ती स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवायला गॅसच्या बटणाला हात लावला आणि काढून घेतला. बाहेरच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. उजाडलं. खाली दूधवाल्याची मोटारसायकल येऊन गेली. तिचे हात सारखे काहीतरी शोधत होते, म्हणून तिने ते मांडीखाली दाबून धरले.

धनेश उठला. ओट्यावर कप नाही हे पाहून तो थोडा घोटाळला. आईकडे एकदा बघितलं, तिला बरं नाही की काय असं त्याला वाटलं असावं, पण त्याने विचारलं नाही. मग भांड्यांचा आवाज झाला. डब्यांची झाकणं उघडायला लागली. हा पोह्यांचा, हा रव्याचा, हा तुरीच्या डाळीचा. आवाजावरून तिला प्रत्येक डबा कळत होता. साखरेचा डबा खालच्या फळीवर होता, तेलाच्या किटलीमागे. एवढ्या वर्षांत त्याला तो कधी शोधावा लागला नव्हता. तिच्या ओठांवर शब्द आले होते आणि तिने ते गिळले. झाकणं थांबली. धनेश बाहेर आला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "मी खाली चहा पिऊन येतो."

दार लोटलं गेलं. चंद्रावती तशीच बसून राहिली, हात मांडीखाली धरून, कुणासाठी काहीही न करता.